पावसाआधी बदललेली चाकं

कुंदाताईंचं नाव आधी लिहिते, बाकीचं मग. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. स्वतःच्या गाडीत, शेजारच्या सीटवर बसून, एक हात कायम हँडब्रेकवर ठेवून. मी रडकुंडीला आले की म्हणायच्या, "घाबरायचं तर घाबर, पण इंडिकेटर दे." या गावात ज्याला गाडी येत नाही तो घरातच वाळतो. बस आहे, पण ती यायच्या आत ऊन आपल्याला संपवतं. मला गाडी आली म्हणून हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली नोकरी धरता आली, मुलीला शाळेत सोडता आलं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं नाही. पण हे उपकार एकीकडे. एका वर्षी त्यांनी मला, नववीत शाळा सुटलेल्या बाईला, एक प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहिल्या. तसं माझ्यासाठी आजवर कुणी थांबलं नव्हतं.

प्रश्न ऐकलात तर हसाल. आगगाड्यांच्या मॉडेलची जुनी चाकं बदलायची की तशीच ठेवायची, एवढाच.

आज ते आठवायचं कारण हवा. बिल्ड-अप परत आलाय. इथल्या लोकांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या या दिवसांना दिलेलं हे नाव. उन्हाळा म्हणावा तर आभाळ भरलेलं, पावसाळा म्हणावा तर थेंब नाही. दुपार झाली की समुद्रावरून काळंनिळं काहीतरी चढत येतं, लांब गडगडतं, वारा पडतो, आणि मग काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अंगाभोवती ओलं फडकं गुंडाळून कुणीतरी गाठ मारून ठेवल्यासारखं वाटतं. कपाटातल्या चपलांना बुरशी येते. आंबे झाडाखालीच फुटून आंबतात आणि त्यांच्या वासाने डोकं चढतं. माणसं उगाच एकमेकांवर खेकसतात. काल वॉर्डातल्या एका नर्सने ट्रे उशिरा आला म्हणून मला झापलं आणि लगेच म्हणाली, "सॉरी डार्ल, इट्स द बिल्ड-अप." मी नो वरीज म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

शिफ्टवरून आले, घरासमोर गाडी लावली आणि सीटवरच बसून राहिले. दार उघडायचंही जिवावर आलं होतं. जेवणाच्या ट्रॉल्या ढकलून मनगटं भरून आलेली. त्यातल्या एका ट्रॉलीचं चाक नेहमी डावीकडे ओढतं. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला कुणी ती ढकलत आणत असलं तरी मला न बघता कळतं, हीच ती. कान असे सवयीचे गुलाम असतात. कुंदाताईंच्या घराखालच्या त्या खोलीत आम्ही दोघींनी एक अख्खा बिल्ड-अप याच गुलामीशी झगडण्यात घालवला.

कुंदाताई तेव्हा सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. याच हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या. लग्न केलं होतं, ते टिकलं नाही. एक मुलगा, तो सिडनीला कॅसल हिलमध्ये. घर जुन्या डार्विनच्या पद्धतीचं, खांबांवर उचललेलं. खालच्या मोकळ्या जागेत प्लायवुड ठोकून, काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या बसवून त्यांनी एक खोली केली होती आणि त्या खोलीत भिंतीच्या कडेकडेने फळ्यांवर रूळ फिरवले होते. स्टेशन, बोगदा, पाण्याची टाकी, सगळं तळहातावर मावेल एवढं. वडील भुसावळला रेल्वेत गार्ड. "घरात चावीची आगगाडी आली ती भावाला," त्या सांगायच्या. "मला भातुकली. मी तेव्हाच ठरवलं, स्वतःच्या पगाराची पहिली वस्तू आगगाडी असेल." ती पहिली गाडी, दोन चॉकलेटी डबे आणि एक इंजिन, त्या अजून चालवत होत्या.

पहिल्यांदा मी ती खोली बघितली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "ताई, केवढं हे खेळणं!"

"खेळणं नाही गं, मॉडेल," त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "असू दे. खेळणंच आहे. कुणाला सांगू नकोस."

त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. ज्याच्याकडे थेट बघावं तेच नाहीसं व्हायचं, कडेकडेचं तेवढं उरायचं. "तुझ्याकडे बघितलं की तुझं तोंड जातं, कान राहतात," असं त्या हसत सांगायच्या. त्यांनी लायसन्स स्वतःहून परत केलं. मग डोळ्यात इंजेक्शन घ्यायला मी त्यांना न्यायची. त्यांनीच शिकवलेली मी, त्यांच्याच गाडीत, आणि त्या शेजारी बसून विचारायच्या, "सिग्नल हिरवा आहे ना?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, इंजेक्शनने डाग पसरायचा वेग कमी होईल, पण कडेचं उरलेलं पुढच्या वर्षी इतकंच असेल याची खात्री नाही.

गाड्या मात्र त्या चालवत होत्या, कानाने. कंट्रोलरची मूठ फिरवायची, खुर्चीत मागे टेकायचं आणि ऐकायचं. दूधगाडी, म्हणजे पांढऱ्या टाक्यांची रांग, ठेचकाळत यायची, कारण तिच्या एका चाकावर वर्षानुवर्षांचा मळ चढून ते गोल राहिलं नव्हतं. कोळशाची गाडी घरघरायची. गुरांची गाडी मध्येच एकदा किंचाळायची. लाल डब्यांची मेल सळसळत जायची, रेशमी पातळ ओढत नेल्यासारखी. आवाज आला की ताई डोळे मिटूनच म्हणायच्या, "आली बघ लंगडी," आणि दूधगाडी स्टेशनात नेमकी फलाटाशी थांबवायच्या.

गोंधळ झाला तो रुळांमुळे. जुने रूळ पोलादी, डार्विनच्या दमट हवेत गंजून गेले. नजर बरी होती तेव्हाच ताईंनी ते उखडून नवे, न गंजणारे घातले. नवे रूळ नाजूक, उंचीला कमी. जुन्या चाकांची आतली कड मात्र खोल. ती रुळाला धरून ठेवणाऱ्या बारीक चिमट्यांवर आपटायची, खडखड करत जायची आणि जिथे एका रुळावरून दुसऱ्यावर जायचं त्या सांध्यावर उडून खाली पडायची. पडलेला डबा पुन्हा रुळावर बसवणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. ताईंना ते आता जमत नव्हतं. मी नसताना एकदा मेलचे डबे घसरले, तर मी येईपर्यंत ते तसेच आडवे पडून होते, आणि ताई त्यांच्या शेजारी नुसत्या बसून होत्या. पंखाही लावला नव्हता. मी आधी पंखा लावला. मग एकेक डबा उचलून रुळावर बसवला.

नव्या चाकांची पाकिटं दक्षिणेकडून टपालाने येऊन पडली होती. धातूची, चकचकीत, बारीक कडेची. ती घातली की गाड्या घसरणार नाहीत हे नक्की होतं. पण ती घातली की आवाज जाणार, हेही तितकंच नक्की होतं. लंगडी लंगडी राहणार नाही. सगळ्या सारख्याच गुळगुळीत पळतील, आणि कुठली कुठली हे डोळे नसलेल्या माणसाने ओळखायचं कसं?

"बदलू का गं?" एका आर्वोला त्यांनी विचारलं. दुपारनंतरच्या वेळेला इथे आर्वो म्हणतात, आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय.

मला वाटलं, स्वतःशीच बोलताहेत. मी चहाचे कप उचलायला लागले.

"मंगल, तुला विचारतेय."

"मला काय कळतंय ताई त्यातलं. तुमच्या मुलाला विचारा की."

"विचारलं. तो म्हणतो, आई, ॲपवर चालणारी सिस्टिम घे, कुठली गाडी कुठे आहे ते स्क्रीनवर दिसेल. मला स्क्रीन दिसत नाही, हे त्याला दिसत नाही."

"मग इथल्या कुणाला तरी, ज्यांना..."

"तू रोज ऐकतेस या गाड्या. तू सांग. घाई नाही. चहा थंड झाला तर पुन्हा करू."

आणि त्या गप्प बसल्या. मी कप हातात धरून उभी. मला कुणी काही विचारलं की वाटतं, आता कळणार हिला काही येत नाही. मी नेहमी चटकन "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळी होते. सासरी तेच, कामावर तेच. पण ताई थांबल्याच. वरच्या घरातला फ्रिज एकदा घुमून बंद झाला, बाहेर कुणाचं तरी कुत्रं दोनदा भुंकून कंटाळलं, तरी त्या थांबलेल्या.

मला आमची इचलकरंजीची यंत्रमागांची शेड आठवली. नववीत शाळा सुटली आणि मी आईच्या मागाशेजारी सुताच्या कांड्या भरायला बसले. तिथल्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ओठ बघून बोलतात. पण आईला तिच्या सगळ्या मागांचे वेगवेगळे आवाज ठाऊक. पाठ करून उभी असली तरी सूत संपलेल्या मागाकडे तिचा हात आधीच गेलेला असायचा. आणि मग कधीतरी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस, एखादा झिजलेला भाग काढून नवा बसवायचा. त्यानंतर आई काही दिवस आंधळी झाल्यासारखी करायची. धागा तुटलेला कळायचा नाही, कापड खराब व्हायचं, मालक बोलायचा. घरी येऊन ती जॉबरला शिव्या घालायची. आणि मग, एकदा कधीतरी, शिव्या थांबलेल्या असायच्या. माग पुन्हा तिचा झालेला असायचा. तो दिवस नेमका कुठला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मी हे सगळं ताईंना सांगितलं. एवढं सलग मी मराठीतसुद्धा कुणाशी बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "बदला ताई. आवाज परत शिकता येतो."

"नक्की?"

"आई शिकायची."

"तुझी आई तेव्हा किती वर्षांची होती?"

मी मनात हिशोब केला. आई तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षाही लहान होती.

ताई हसल्या. "चल, काढ पाकिटं."

चाकं बदलणं हे काम तसं सोपं, पण उकाड्यात जीव जातो. डबा उलटा करून मांडीवरच्या टॉवेलवर घ्यायचा, खालच्या चौकटीच्या दोन बाजू नखांनी हलकेच फाकवायच्या, जुना आस निसटून येतो, नवा बसताना टिक् करतो. जास्त फाकवलं तर चौकट मोडते. घाम बोटांवरून आसावर, आसावरून डब्यावर. ताईंची बोटं सांध्यांत सुजलेली. त्या डबा धरायच्या आणि मी चाक घालायची. नवा बसला की त्या डबा तळहातावर एकदा फिरवून म्हणायच्या, "पुढचा." असे कित्येक रविवार गेले. लंगडीचं ते चाक निघालं तेव्हा ताईंनी ते अंगठ्याने चाचपलं, मळाचा उंचवटा शोधला, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं. मला वाटलं होतं, ठेवून घेतील.

सगळ्या गाड्या झाल्या त्या दिवशी पंखा बंद केला. ऐकायचं तर पंखा चालत नाही. बिल्ड-अपमध्ये पंखा बंद करून बंद खोलीत बसणं काय असतं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. हवा कानात शिरते. मी एक गाडी सोडली. ती गेली, बोगद्यातून आली, सांध्यावरून अलगद पुढे गेली. घसरली नाही. दुसरी सोडली. तीही तशीच.

"ही कुठली?" ताईंनी विचारलं.

"मेल."

"आणि आधीची?"

"दूधगाडी."

त्यांनी हात लांब करून गाडी थांबवली. मग म्हणाल्या, "सगळ्या नर्सांसारख्या चालतात गं. रबरी बुटांतल्या." आणि वर निघून गेल्या. जिन्यावर त्यांचा हात कठड्याला धरून धरून जाताना मी बघितला. मीच बदला म्हटलं होतं.

घरी सांगितलं तर माझी लेक ओवी ताटावरून मान वर न करता म्हणाली, "ममा, व्हाय डोन्ट यू जस्ट पुट अ बेल ऑन वन?" मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी ताईंना फोन करून सांगितलं, एकीला घुंगरू बांधू या का.

"मांजर आहे का ती?" ताई म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाल्या, "ये उद्या. शिकायला बसू या. पण पावसाआधी."

पावसाआधी का, ते मला तेव्हा कळलं. त्या खोलीला लागून नुसत्या पत्र्याचं उतरतं छप्पर होतं. पाऊस लागला की त्या पत्र्यावर असा काही कोसळतो की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. तो पार मार्च-एप्रिलपर्यंत. इतकी वर्षं पावसात ताई डोळ्यांनी गाड्या चालवायच्या. आता कान लागणार, आणि कान शिकवायला थोडी नजर लागणार. आवाज ऐकायचा, अंदाज करायचा, मग मान वळवून डोळ्याच्या कडेने बघायचं: पांढरं काही सरकलं म्हणजे दूधगाडी, लाल म्हणजे मेल. आज कडेचं एवढं दिसत होतं. पाऊस उघडेपर्यंत दिसेल का, कुणाला माहीत.

"मी सांगत जाईन की कुठली ते," मी म्हटलं.

"तू कामाला जातेस. मी दिवसभर एकटी असते. आणि तू सांगितलेलं आणि मी पकडलेलं, यात फरक आहे."

अख्खं डार्विन तेव्हा पावसाची वाट बघत होतं. सुपरमार्केटच्या रांगेत, पेट्रोलपंपावर, हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये एकच विषय. ढग आले की लोक अंगणात येऊन उभे राहायचे. आणि आम्ही दोघी मनातल्या मनात म्हणायचो, आज नको. माझे यजमान दत्ता वेल्डिंगचं काम करतात. दिवसभर जाड कपड्यांत, तोंडावर मुखवटा. संध्याकाळी ओसरीवर पाय पसरून ढगांकडे बघत बसायचे. मी म्हटलं, "अहो, अजून थोडे दिवस नको होता पाऊस."

"काय?" ते ताडकन उठून बसले. "इथं माणूस शिजून निघालाय आणि तुम्ही दोघी खेळण्यातल्या गाड्यांसाठी पाऊस अडवताय होय? बाहेर बोलू नको कुणाशी. गावातनं हाकलून देतील."

पण दुसऱ्या दिवशी गडगडलं तेव्हा तेच म्हणाले, "थांब म्हणावं त्याला. ताईंची परीक्षा झाली नाही अजून."

परीक्षाच होती ती. दहावीचा पेपर मी कधी बघितला नाही, आणि इथे मी परीक्षक. शिफ्ट संपली की थेट ताईंकडे. पंखा बंद. मी कुठली गाडी सोडते ते सांगायचं नाही. ताई डोळे मिटून. "मेल," त्या म्हणायच्या, मग मान तिरकी करून कडेने बघायच्या आणि, "छे. नापास." कधी वरून हवाई दलाची विमानं जायची, सगळी खोली थरथरायची, आणि आम्ही दोघी रुळांकडे तोंड करून ती जाईपर्यंत थांबायचो. कपाळावरून घाम डोळ्यात जायचा. एकदा ताई इतक्या थकल्या की त्यांनी कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकला. "मला एकदा एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हातारपणी नवीन काहीतरी शिका. त्यांना इथे आणून बसव."

मला वाटत होतं, चुकलं माझं. घरी जाताना गाडीत रोज तेच. आईचं सांगायला नको होतं. आई तरणी होती, तिच्या मजुरीचा प्रश्न होता, तिला शिकावंच लागलं. पण एका रविवारी ताईंनी लागोपाठ दोनदा दूधगाडी ओळखली, आणि कडेने बघितलंही नाही.

"कशी ओळखली?"

"छोट्या टाक्या. पाय भराभर पडतात तिचे, लहान मुलीसारखे. मेलचे डबे लांब, ती सावकाश टाकते." त्या स्वतःशीच मान हलवत होत्या. "पूर्वी मी यांच्या खोडी ओळखायची गं. आता चाल ओळखावी लागते."

मग एकेक जमत गेलं. कधी जमलं ते आईसारखंच सांगता येणार नाही. चॉकलेटी डबे ओळखू यायला लागले, मेल तर बोगद्यात असतानाच. राहिल्या दोन, कोळशाची आणि गुरांची. त्यांचे डबे एकाच मापाचे, तितकेच लांब, पाऊल तेच. ताईंनी कान लावून लावून बघितलं. एक सोडली की दुसरीचं नाव, दुसरी सोडली की पहिलीचं. ढग आता दुपारी येऊन संध्याकाळपर्यंत हलत नव्हते.

तो आला तेव्हा कोळशाची गाडी बोगद्यात होती. आधी एक थंड झुळूक खिडकीच्या काचपट्ट्यांतून आत आली, मातीचा वास घेऊन. मग पत्र्यावर कुणी खडी ओतल्यासारखं झालं. रस्त्यावर कुणीतरी आनंदाने ओरडलं. शेजारची पोरं चड्डीवर अंगणात. मी ताईंकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. त्या पुढे वाकल्या, गाडी थांबवायला असेल, आणि तोल सावरायला त्यांनी हात रुळांच्या फळीवर टेकला.

टेकला तो उचललाच नाही. गाडी बोगद्यातून बाहेर आली, त्यांच्या हाताशेजारून गेली, लांब गेली, परत आली. त्यांनी मला हाताने खूण केली: दुसरी सोड. मी गुरांची सोडली. त्या तशाच तळहात दाबून. मग मला जवळ ओढून कानाशी ओरडल्या, "आधीची कोळशाची! जड आहे गं ती! खरी खडी भरलीय मी तिच्यात!"

मी पुन्हा सोडल्या, उलटसुलट, मनाला येईल तशा. त्या पावसाच्या गोंगाटात, डोळे मिटून, एकदाही चुकल्या नाहीत. मला वाटलं, आता हसतील, टाळी वाजवतील. त्या खुर्चीत मागे टेकल्या. चेहरा घामाने आणि थकव्याने राखेच्या रंगाचा झालेला. पाऊस जरा कमी झाला तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे आता हाताने पण शिकायचं का सगळं? पहिल्यापासून?"

"थोडं थोडं, ताई."

"चहा कर आधी," त्या म्हणाल्या. "आणि पंखा लाव, बाई. मेले मी."

त्यानंतरच्या वर्षी त्या कॅसल हिलला मुलाकडे गेल्या. कडेचंही आता फारसं उरलं नाही. गाड्या खोक्यांतून विमानाने गेल्या. मुलाने वरच्या मजल्यावर एक खोली दिली आहे, पत्र्याची नाही, कौलांची. पाऊस हळू वाजतो म्हणे. गाड्या चालतात. घसरत नाहीत. कधी त्या फोन करतात, तेव्हा मागून टकटक ऐकू येतं. मला ओळखता येत नाही कुठली आहे ते. फोनवरून चाल कळत नाही, आणि मी आता थकलेलीही असते. "बरी आहेस ना? इंडिकेटर देतेस ना?" त्या विचारतात. मी हो म्हणते. त्यांच्याकडे रूळ पुसायला, अडकलेला डबा सोडवायला कुणी नाही, हे त्या सांगत नाहीत. मुलगा आणि सून दोघंही सकाळीच मेट्रोने कामावर जातात. मला न सांगता कळतं.

माझ्याकडे देण्यासारखं फार काही नाही. वर्षाकाठी मिळणारी रजा तेवढी माझी. पुढची रजा इचलकरंजीची, आई वाट बघतेय, तिला शब्द दिलाय. त्याच्या पुढची, ताई, तुमची. अख्खी. मी कॅसल हिलला येईन, रूळ पुसून काढीन, दिवसभर तुमच्यासमोर बसून सांगाल ती गाडी सोडत राहीन, आणि तुम्ही मला काही विचारलंत तर या वेळी कप घेऊन उठणार नाही.